श्रावणबाळाला वाढवले कोणी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर एका शाळकरी मुलीचे छायाचित्र आणि तिच्या सत्काराची बातमी प्रसिद्ध झाली होती. आई दोन्ही पायांनी अधू असल्यामुळे स्वयंपाक, पाणी भरणे आणि धाकट्या भावाचा अभ्यास सांभाळून ही मुलगी शाळेत जाते, म्हणून एका मंडळाने शाल व श्रीफळ देऊन तिचा गौरव केला, असा त्या बातमीचा आशय होता. मथळ्यात तिला ‘आजची श्रावणबाळ’ म्हटले होते. मुलगी गुणी आहे यात शंका नाही आणि तिचे कौतुक झाले याचा मला आनंदच आहे. परंतु ती बातमी मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा त्या आईच्या तोंडचे एकही वाक्य मला तिच्यात सापडले नाही. ती दिवसभर काय करते, मुलांना कोण उठवते, ताप आला तर रात्री कोण जागते, घरातले पैसे कोण राखते, यांपैकी काहीही तिला विचारलेले दिसले नाही. छायाचित्रातही ती मागे खुर्चीवर, कडेला अर्धी कापलेली अशी आली होती. त्या कापल्या गेलेल्या अर्ध्या भागाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मीही तशीच एक आई आहे.

मी बेळगावातल्या वडगावात राहते. माझा जन्म १९७८ चा. दीड वर्षाची असताना ताप आला आणि ताप उतरल्यावर पाय उतरलेले दिसले, असे माझी आई सांगत असे. डावा पाय पूर्ण गेला, उजव्यात थोडी ताकद राहिली. देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, २०११ च्या जानेवारीत शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, आम्ही त्यापूर्वीचे. डाव्या पायात मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला ताठ ठेवणारा पट्ट्यांचा आधार, आणि उजव्या काखेत कुबडी घेऊन मी चालते. घरी शिवणाचे काम करते; पायाचे मशीन मला चालवता येत नसल्यामुळे त्याला मोटर बसवून घेतली आहे आणि लग्नसराईत रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवते. यजमान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. मुलगी दहावीत आणि मुलगा सहावीत आहे. (यजमानांना आमच्या गल्लीत ‘मोठ्या मनाचा माणूस’ म्हणतात, कारण त्यांनी माझ्याशी लग्न केले. लग्नानंतर पहिली सहा वर्षे त्यांच्या कर्जाचे हप्ते माझ्या शिवणाच्या पैशांतून गेले, ते माझ्या मनाच्या मोठेपणात कोणी धरत नाही. यजमानांनाही याचे हसू येते.)

मुलगी झाली तेव्हा माहेरापेक्षा सासरला आणि सासरपेक्षा गल्लीला अधिक काळजी लागली होती. पोलिओ हा विषाणूमुळे होणारा आजार आहे, तो आईकडून लेकराकडे वारशाने जात नाही, हे सांगून झाले तरी बारशाला आलेल्या बायका आधी बाळाचे पाय हलवून पाहत आणि मग नाव विचारत. आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायचे म्हणजे पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळाला आडवे घालायचे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आणि खाली राहणारा, त्यामुळे बाळ एका बाजूला कलंडेल या भीतीने पहिला महिना सासूबाईंनीच न्हाऊ घातले. मला हात लावू देत नव्हत्या असे नाही. त्यांना कसे द्यावे हे समजत नव्हते. मग एके दिवशी कॅलिपर काढून मी पाटावर बसले, डाव्या पायाखाली जुन्या गोधडीची घडी सरकवली, दोन्ही नडग्या एका पातळीवर आणल्या आणि सासूबाईंना शेजारी बसवून पाणी घातले. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई फक्त धुरी घालायला येऊ लागल्या.

असे शोध या घरात किती लागले, ते मोजलेले नाहीत. कुबडी धरलेल्या हाताने मूल उचलता येत नाही आणि दुसरा हात भिंतीला लागतो, म्हणून बाळाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना मी खाली बसत असे आणि गोधडीवर निजवलेले बाळ शहाबादी फरशीवरून पुढे सरकवत, मागून स्वतः सरकत जात असे. पाळणा आढ्यापासून इतका खाली टांगला होता की पाहुण्यांच्या गुडघ्याला लागे. मुलगी रांगू लागली त्या दिवसांत आम्ही दोघी एकाच उंचीवरून घर पाहत होतो, आणि पलंगाखाली हरवलेली प्रत्येक सुई, रीळ, बटण आधी मला दिसे, नंतर तिला. चालायला लागल्यावर बाकीच्या मुलांनी आईचे बोट धरावे तसे तिने कुबडीची आडवी मूठ धरली. मला पळता येत नाही, म्हणून रस्त्यावर निसटलेल्या मुलाला मी धावून पकडू शकणार नाही, हे मी ती अडीच वर्षांची असल्यापासून जाणून होते. तेव्हा घरात एकच कडक नियम होता, की आईने ‘थांब’ म्हटले की पाय जिथे असेल तिथे थांबायचे, मग समोर फुगेवाला असो की कुत्र्याचे पिल्लू. हा नियम शिकवायला चार महिने लागले. आज माझा मुलगा कोणाचेच ऐकत नाही, पण ‘थांब’ म्हटले की अजूनही त्याचा पाय हवेत राहतो.

हे सगळे सांगण्याचे कारण तो ‘श्रावणबाळ’ हा शब्द. श्रावणाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. कावडीत बसलेले आंधळे आईबाप, त्यांची तहान, नदीकाठी दशरथाचा बाण. त्या गोष्टीत आईबाप पाणी मागण्यासाठी आणि नंतर शाप देण्यासाठी तेवढे बोलतात. परंतु कावड खांद्यावर घेण्याइतका हा मुलगा वाढला कसा, त्याला घास कोणी भरवला, दिसत नसताना त्याला काट्याकुट्यांतून, विंचवाकिरड्यांतून कोणी जपले, चालायला आणि बोलायला कोणी शिकवले, आईबापांविषयी इतकी माया त्याच्या मनात कोणी रुजवली, हे आपल्याला कधी विचारावेसे वाटले नाही. दोन आंधळ्या माणसांनी एक मुलगा असा वाढवला की त्याचे नाव हजारो वर्षे टिकले, ही त्या गोष्टीतली अर्धी गोष्ट आहे आणि ती आपण कावडीत बसवून ठेवली आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. आमच्या मुलांना इतर मुलांपेक्षा जास्त कामे पडतात, हे खरे आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना बादल्या उचलू लागली. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि येते तेव्हा पहाटे केव्हातरी येते. यजमान रात्रपाळीला असले की अंगणातल्या नळापासून आतल्या पिंपापर्यंत वीस-पंचवीस बादल्या नेणे माझ्याच्याने होत नसे. ती अर्धवट झोपेत पाणी ओढायची आणि वर्गात पेंगायची. बाईंनी वहीत शेरा लिहून पाठवला तेव्हा मला रडू आले. पण रडून झाल्यावर आम्ही उभयतांनी हिशेब मांडला, दिवाळीच्या शिवणाचे पैसे बाजूला काढले, एक लहान मोटर बसवली आणि नळापासून पिंपापर्यंत पाइप टाकला. त्या दिवसापासून मुलीच्या हातातली बादली गेली. म्हणजे जे काम माझ्या अधू पायांमुळे तिच्यावर पडले असे सगळे समजत होते, मीदेखील समजत होते, ते चाळीस फूट पाइपने संपले. त्या मंडळाने सत्कारमूर्ती मुलीला शाल देण्याऐवजी तिच्या घरचा नळ आत घेऊन दिला असता, तर ती सकाळी तासभर जास्त झोपली असती. अर्थात पाइपसोबत छायाचित्र काढता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तेव्हापासून आम्ही घरात एक रेघ आखून घेतली आहे. भांडी लावणे, दुकानातून सामान आणणे, कपडे वाळत घालणे ही कामे घरातल्या कोणत्याही मुलाने करावीत अशीच आहेत आणि ती मुलगाही करतो. परंतु मला उचलणे, मी पडले तर ओढून उभे करणे, माझी अंघोळ, ही कामे मुलांची नाहीत. पडले तर कसे उठायचे ते मला येते. आधी कॅलिपरच्या गुडघ्याची कडी सोडवायची, मग बूड टेकून भिंतीपर्यंत जायचे. मुलांनी फक्त कुबडी जवळ आणून द्यायची आणि शेजाऱ्यांना गोळा करायचे नाही, हे त्यांना पाठ आहे.

सर्वांत अवघड भार मात्र पाण्याचा नव्हता, तो भाषेचा होता, आणि याविषयी आपल्या भागाबाहेरच्या वाचकांना कदाचित कल्पना येणार नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या सीमाभागातल्या मराठी माणसाचे सरकारदरबारी जे होते ते सर्वांना ठाऊक आहे. अपंग माणसाला ते दुप्पट सोसावे लागते, कारण त्याला सरकारी कचेरीची पायरी इतरांपेक्षा अधिक वेळा चढावी लागते. दाखला, मासिक वेतन, बसचा पास, ओळखपत्र, आणि दर काही वर्षांनी हेच सर्व पुन्हा. अर्ज कन्नडमध्ये, सूचना कन्नडमध्ये. मला कन्नड बोललेले समजते, बाजारापुरते बोलताही येते, वाचता येत नाही. मुलगी शाळेत कन्नड शिकते, म्हणून ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून मी तिला सोबत नेऊ लागले. एकदा खिडकीतल्या कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही, त्याने मुलीला विचारले, “शेकडा एष्टु?” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, तू किती टक्के आहेस, विचारतायत.” मी आकडा सांगितला आणि तिने तो कन्नडमध्ये सांगितला. पुढचे सारे प्रश्नही तिलाच विचारले गेले: आईला चालता येते का, स्वतःचे स्वतः करता येते का, घरात कमावणारे कोण. एका लहान मुलीने आपल्या आईचे शरीर परक्या माणसासमोर दुसऱ्या भाषेत मांडून दाखवायचे, आणि रांगेतल्या पंधरा माणसांनी ते ऐकायचे. परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. मी तिला पाणीपुरी खाऊ घातली. आणखी काय करावे ते त्या वेळी मला सुचले नाही.

ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक आहे तिथे सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही उपलब्ध व्हावेत, हे धोरण केंद्र सरकारने १९५६ मध्येच मान्य केले होते. त्यावर आपल्या दैनिकात पुष्कळ लिहून आले आहे, त्यात मी भर घालत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की इतर कागदांचे काय व्हायचे ते होवो, दिव्यांगांचे अर्ज आधी मराठीत उपलब्ध करावेत, म्हणजे आमच्या मुलांना आमचे दुभाषे व्हावे लागणार नाही. आमच्या भागातले पुष्कळ जण कॅलिपरसाठी आणि सल्ल्यासाठी मिरजेला, कोल्हापूरला जातात. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभारलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था आहे, आणि स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाईंनी ती उभारली हे ऐकूनच माझ्या आईला माझ्याविषयी पहिल्यांदा धीर आला होता. तिकडे निदान दुखणे आपल्या भाषेत सांगता येते. परंतु महाराष्ट्राच्या बहुतेक राज्य योजना तिथल्या रहिवाशांसाठी, इथल्या योजना कन्नडमध्ये, आणि आम्ही मधोमध. शब्दांचीही गंमत आहे. माझ्या जुन्या दाखल्यावर ‘अंगविकल’ आहे, कार्यालयाच्या पाटीवर ‘विकलचेतन’ आहे, पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरात ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला तेव्हापासून आपली वर्तमानपत्रे तोच वापरतात, आणि गल्लीत पूर्वी जे म्हणत तेच आजही म्हणतात. मला यांपैकी कशाचाच राग नाही. राग येतो तो, मी समोर उभी असताना माझ्याविषयी माझ्या मुलीला विचारले जाते तेव्हा.

आणि हे कचेरीतच होते असे नाही. माझ्या मुलाच्या शाळेत, जिचे नाव मी लिहीत नाही, पालकसभा दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होते. जिना उंच आहे आणि कठडा एकाच बाजूला, तोही उतरताना उजव्या, म्हणजे कुबडीच्या हाताला येणारा. यंदा मी विनंती केली, की सभा खालच्या वर्गात घ्यावी. उत्तर मिळाले, “तुम्ही कशाला त्रास घेता, बाबांना पाठवा, नाहीतर मुलाची ताई आहेच की.” म्हणजे सहावीतल्या मुलाची पालक म्हणून दहावीतली मुलगी चालते, आई चालत नाही, हा शब्दखेळ मी केलेला नाही, तो त्या उत्तरातच होता. सभेच्या दिवशी मुलगी वर गेली आणि मी खालच्या बाकावर बसून राहिले. वर्गशिक्षिका सभा आटोपून खाली आल्या, माझ्याशी पाच मिनिटे आपुलकीने बोलल्या, आणि मुलाचे गणित कच्चे आहे ही गोष्ट त्यांनी वर माझ्या मुलीला सांगून टाकली होती, ती खाली मला सांगितली नाही. मुलीने ती दोन दिवस माझ्यापासून लपवली, भावाला मार बसू नये म्हणून. घरात आई कोण आणि ताई कोण, याचा असा घोळ शाळेने घातला.

याच शाळेत ७ मे २०२४ रोजी मी लोकसभेसाठी मतदान केले. त्या दिवशी फाटकाशी चाकाची खुर्ची होती, पायरीवर लाकडी उतरण टाकली होती, मतदानकेंद्र तळमजल्यावर होते आणि एक स्वयंसेवक मुलगा माझी कुबडी धरून अदबीने पुढे चालत होता. घरी येऊन मत नोंदवून नेण्याची सोयही चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्या निवडणुकीत होती. तीच इमारत, तीच पायरी, तीच मी. मतदार म्हणून मला खाली बोलावता येते, तर पालक म्हणून का येत नाही, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. सभा तळमजल्यावर घेण्यास एक रुपयाही खर्च येत नाही.

बसचेही तसेच. ११ जून २०२३ पासून राज्यात महिलांना सरकारी बसप्रवास मोफत झाला, त्याचा उपयोग मलाही होतो. तिकीट गेले, पण पायरी आहे तेवढीच उंच राहिली आणि गर्दी वाढली. यावर अधिक लिहीत नाही.

कायद्याकडे वळते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे नियम २०१७ च्या जूनमध्ये आले, आणि आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती त्यानंतर पाच वर्षांत सुगम कराव्यात असे कायदा म्हणतो. ती मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक नसून बंधनकारक असले पाहिजेत असा निर्णय दिला आणि तसे नियम करण्यास केंद्राला तीन महिने दिले. हे सर्व इमारतींविषयी झाले. मला अधिक बोचते ते घराविषयीचे कलम. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्याच्या तेविसाव्या कलमात म्हटले आहे, की मुलाच्या किंवा आईबापांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडू नये, आणि मुले वाढवण्याच्या कामात दिव्यांग आईबापांना सरकारने योग्य ते साहाय्य द्यावे. आपल्या २०१६ च्या कायद्यातले नववे कलम त्याच धर्तीचे आहे, परंतु ते अपंग मुलापुरतेच बोलते; आईबापांच्या अपंगत्वाचा उल्लेख त्यात आलेला नाही.

आपल्याकडे मूल तोडायला कोणी कोर्टात जात नाही, हे खरे. ते काम नातेवाईक प्रेमाने करतात. माझी मुलगी तीन वर्षांची असताना नणंदबाई कोल्हापूरहून आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, हिला आमच्याकडे ठेव, तुझीही ओढाताण वाचेल, पोरीचंही भलं होईल.” त्यांचे मन निर्मळ आहे, आजही त्या माझ्या मुलांवर जीव लावतात. परंतु सासूबाई, यजमान, शेजारच्या काकू असे सगळे त्या प्रस्तावावर तासभर बोलत होते आणि मी नको म्हणेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, की मला अजून विचारलेलेच नाही. धडधाकट आईला तिचे मूल मागायला कोणी असे चहाच्या वेळी येत नाही. नको म्हटल्यावर मी अहंकारी ठरले, ते काही दिवस चालले. अशा रीतीने आजोळी, आत्याकडे, मावशीकडे वाढलेली मुले आपल्या तालुक्यात किती आहेत याची नोंद कुठेच नसणार, कारण ती प्रत्येक जण प्रेमानेच गेलेली आहेत.

साहाय्य या शब्दाला मात्र कायद्यात आधार आहे. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी आधार देण्याचे स्पष्ट म्हटले आहे. कर्नाटकात शिशुपालन भत्त्याची योजना आहे, ती मुळात दृष्टिहीन मातांसाठी आखलेली आहे. मूल लहान असताना दर महिन्याला काही रक्कम मिळते, तिच्यातून आई मदतनीस ठेवू शकते. चांगली योजना आहे. जिला दिसत नाही तिला बाळ सांभाळताना मदत लागते हे ज्यांना सुचले, त्यांना जिला चालता येत नाही किंवा जिचा हात यंत्रात गेला आहे तीही बाळंत होते हे सुचायला हवे होते. पोलिओ गेला म्हणून अपंग आईबाप संपले असे नाही. महामार्गावरचे अपघात, मळणी यंत्रात गेलेले हात, मधुमेहामुळे कापावे लागलेले पाय, यांमुळे लेकुरवाळी माणसे रोज आमच्या गोटात येत आहेत, आणि त्यांना तर न्हाऊ घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळे नव्याने शिकावे लागते. अलीकडे दर डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते. आपल्या भागातल्या आमदारांनी इतर ठरावांबरोबर या भत्त्याची व्याप्ती वाढवण्याचा प्रश्न विचारला तर तो मराठी आणि कन्नड दोन्ही आयांचा असेल. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले असतात. त्यांच्या पाहणीत टक्केवारी विचारली जाते, साधने विचारली जातात. घरात लहान मुले आहेत का आणि त्यांना वाढवताना कुठे अडते, हा एक प्रश्न त्यांनी त्यांच्या वहीत वाढवावा.

मुलांच्या बाजूचे एक सांगायचे राहिले. मुलगी पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री म्हणाली, “आई, तू उद्या नाही आलीस तर चालेल.” कारण तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मला काय वाटले ते लिहिण्याची गरज नाही. मी गेले नाही, यजमान गेले. तिला उपदेश केला नाही, आईची लाज वाटते का असे विचारून तिला खाली बघायला लावले नाही. त्या वयात मुलांना आईच्या नऊवारीचीही लाज वाटते, वडिलांच्या सायकलीचीही वाटते. माझ्या बुटाची वाटली तर त्यात जगावेगळे काय? पुढच्या वर्षी वर्गातल्या मैत्रिणी घरी आल्या, एकीने कॅलिपरकडे बोट दाखवले, तेव्हा मुलीने तो उचलून वाण्याच्या काट्याला लावावा तसा हातात तोलला आणि म्हणाली, “पावणेदोन किलो आहे, धरून बघ.” त्या साऱ्या जणींनी तो पाळीपाळीने धरून पाहिला. मी आत मशीनवर होते.

अलीकडे माझा उजवा पायही थकू लागला आहे. पोलिओ होऊन गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा अशक्तपणा येऊ शकतो, इतकी वर्षे जास्तीचा भार वाहिलेले स्नायू दमतात, असे डॉक्टरांनी समजावले. पुढे चाकाची खुर्ची घ्यावी लागेल. हे आम्ही मुलांना जेवताना सांगितले. मुलाने विचारले, की खुर्ची आतल्या खोलीच्या दारातून जाईल का. यजमानांनी टेप आणून दार मोजले; जात नाही, दोन इंच कमी पडतात. उन्हाळ्यात चौकट काढायची ठरली आहे.

संपादक महोदय, आपल्या प्रतिनिधींना एवढीच विनंती आहे, की पुन्हा अशी बातमी करताना त्यांनी खुर्चीवर बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर मुलीकडून न घेता त्याच माणसाकडून घ्यावे. त्या मुलीच्या आईचा पत्ता आपल्या कार्यालयात असेल. त्यांची इच्छा असल्यास हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचवावे. त्यांना ब्लाउज शिवून घ्यायचा असेल तर मापे घ्यायला मीच त्यांच्या घरी जाईन, माझ्या स्कूटरला बाजूची चाके लावलेली आहेत.

या पत्राखाली माझे नाव छापू नये. पत्र टपालात टाकण्यापूर्वी मी ते मुलीला वाचायला दिले होते. तिने पाणीपुरीची ओळ राहू दिली आणि तिच्याविषयीची दुसरी दोन वाक्ये खोडली. ती मी पुन्हा लिहिलेली नाहीत.

आपली विश्वासू,
एक पालक,
वडगाव, बेळगाव